उजवं फूल

रत्नागिरी, मे २००१, बुधवार

पोफळीच्या शाळेत बढतीवर जायचं की नाही, ते उद्या कळवायचं आहे. महिनाभर प्रार्थनेत विचारतेय, प्रभू, तुझी इच्छा काय? उत्तर नाही.

शेजारच्या सुमतीकाकी म्हणाल्या, "आम्ही देवीला कौल लावतो. उजवं फूल पडलं की जायचं. तुमचा देव सांगत नाही गो?"

"त्याला आधीच सगळं ठाऊक असतं, काकी."

"ठाऊक असून गप्प? म्हणजे तुझ्यावर सोडलंन."

संध्याकाळभर ते उजवं फूल डोळ्यांपुढे. देवाचं ठरलेलंच असेल, तर माझं ठरवणं कशाला? अजून कळत नाही. पण त्याची इच्छा विचारताना माझी इच्छा मी कधी सांगितलीच नव्हती. आज सांगितली. बापा, मला जायचं आहे. आणि गप्प राहिलास, त्याबद्दल तुझे आभार.