मामा वर गेले आणि छत्री खाली आली नाही

ती. मामास,

शि. सा. न. वि. वि. (याचा फुल फॉर्म आईला विचारला. ती म्हणाली, आठही अंगं जमिनीला टेकवून केलेला नमस्कार. मी खुर्चीत बसून लिहिते आहे, तेव्हा सध्या दोन-तीनच टेकली आहेत, बाकीची तुम्ही आलात की टेकवीन.) तुमची तब्येत कशी आहे? हा प्रश्न लोक पत्रात उगाच विचारतात, पण मला या वेळी खरंच उत्तर हवं आहे. का, ते पुढे येईलच. पत्रात मोठ्यांना ‘तुम्ही’ म्हणायचं असतं म्हणे. एवढ्यातच दमले. आता तू.

आम्ही मजेत. मला सर्दी झाली होती, ती गेली. (‘गेली’ हा शब्द मी आता फार जपून वापरते. तेही पुढे येईलच.) आईपण ठीक आहे. तू डोंगरावरच्या वेधशाळेत गेल्यापासून ती तुझं नाव घेत नाही. ‘तो’ म्हणते. ‘त्याचा टॉवेल’, ‘त्याची खुर्ची’, आणि सगळ्यात जास्त वेळा ‘त्याची छत्री’, म्हणजे गच्चीवरची, टीव्हीची. तिचं म्हणणं एकच आहे. ज्या माणसाला जायचंय तो छत्रीच्या दोन वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर सही कशाला करतो? मलापण हे विचारायचं होतं. सही केलीस तेव्हा तुझं जायचं ठरलं होतं का? रागाने नाही विचारत, नुसतं कुतूहल. तूच मला ‘चौकशी खिडकी’ म्हणायचास, तर खिडकी उघडी आहे.

तर छत्री. आई म्हणाली, कोण बघतंय मेला तो टीव्ही, बंद करून टाक. मला वाटलं, बंद करणं म्हणजे बंद करणं, त्यात काय. पण हे कॉन्ट्रॅक्ट मी पहिल्यांदाच नीट वाचलं (तू वाचलं होतंस? खरं सांग) आणि त्यात असं आहे की मुदतीआधी बंद केलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे एकदम भरायचे आणि वर दंड. म्हणजे टीव्ही न बघायला बघण्यापेक्षा जास्त पैसे. मला हे इतकं इंटरेस्टिंग वाटलं की मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिला तेवढं इंटरेस्टिंग वाटलं नाही. वेबसाइटवरून काही करावं तर ओटीपी तुझ्या मोबाइलवर जातो, आणि तुझा मोबाइल म्हणे पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय लागत नाही. म्हणून मी कस्टमर केअरला फोन लावला.

आधी खूप वेळ बासरी वाजली. (बासरी का, मामा? चिडलेल्या माणसासाठी बासरी कुणी ठरवली असेल? मी नंतर विचारलं, त्यांनाही माहीत नव्हतं.) मग एक ताई आल्या. आवाज छान होता. त्यांनी विचारलं की कॉन्ट्रॅक्ट ज्यांच्या नावावर आहे त्यांना फोन देता का. आता मला सांग, परक्या माणसाशी बोलताना मी तुला ‘अरे-तुरे’ कशी करणार? शाळेत मराठीच्या बाईंनी एवढं तरी शिकवलंय की मोठ्यांबद्दल आदरार्थी बोलायचं. मी जन्मात पहिल्यांदा तुझ्याबद्दल आदराने बोलले, आणि त्यातच तुझा जीव गेला.

मी म्हटलं, “मामा आता नाहीत. ते वर गेले.”

त्यात मला सर्दी, त्यामुळे मी नाक ओढत होते. ताईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, कधी? मी म्हटलं, मागच्या महिन्यात. अचानक का? नाही, मी म्हटलं, त्यांच्या मनाची तयारी बरीच आधी झाली होती, फक्त आम्हाला बोलले नव्हते. शेवटी फार त्रास झाला का? मी म्हटलं, थोडा झाला, गाडीच मिळेना, मग दूधवाल्याच्या टेम्पोतून न्यावं लागलं. ताई म्हणाल्या, अरेरे. मला वाटलं, किती चांगली कंपनी आहे, गाडी मिळाली नाही याचंसुद्धा यांना वाईट वाटतं. मग त्या म्हणाल्या, त्यांच्या आत्म्याला शांती मिळो. मी म्हटलं, शांतता तर भरपूर आहे तिथे, तेवढ्यासाठीच गेलेत, फक्त थंडी जरा जास्त आहे.

मग ताई म्हणाल्या की अशा परिस्थितीत कंपनी दंड घेत नाही, उरलेले पैसेही माफ, ग्राहकच राहिला नाही तर करार कुणाशी? मी त्यांना तीन वेळा थँक्यू म्हटलं. त्या म्हणाल्या, धीर धरा, आईला जपा. मी म्हटलं, आई रडली नाही हो, चिडलीय फक्त. त्या म्हणाल्या, असंही होतं.

आता यात माझी चूक कुठे आहे, तू सांग. तू नाहीस, हे खरं. वर गेलास, हेपण खरं. तुझी वेधशाळा डोंगराच्या टोकाला आहे, तिथे जाण्याला मी ‘खाली गेले’ म्हणू का? एकही शब्द खोटा नाही. सगळे खरे शब्द लावून एक पूर्ण माणूस मारता येतो हे मला माहीतच नव्हतं, आणि मी अजून त्याचाच विचार करते आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी (सर्दीमुळे मी क्लास बुडवला होता) छत्री काढायला कंपनीचा माणूस आला. उंच, खांदे पडलेला, हातात पान्यांची पिशवी. चपला दाराबाहेर अगदी जोडून ठेवल्या. मला वाटलं, वळण चांगलं आहे. मी त्याला गच्चीचा जिना दाखवणार तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. तो मान खाली घालून म्हणाला, फार वाईट झालं. आईला वाटलं, मी सगळ्या गावाला घरचं सांगत सुटले. तिने माझ्याकडे असं बघितलं की सर्दीच पळाली. पण त्याला म्हणाली, होतं असं, त्याचा स्वभावच तसा, कुणाला न सांगता निघायचं. तो म्हणाला, त्यांना त्रास तर झाला नाही ना? आई म्हणाली, त्याला कसला त्रास, तो सुटला, त्रास मागे राहिलेल्यांना. तो म्हणाला, अगदी खरं बोललात. मामा, ती दोघं बराच वेळ असंच बोलत होती आणि एकमेकांचं त्यांना इतकं पटत होतं की मी मधे बोलले नाही. तू गेल्यापासून आई तुझ्याबद्दल एवढं पहिल्यांदाच बोलत होती. तू पानं कशी वाढायचास (सगळ्यांना जास्त, स्वतःला राहिलं तर), दारात उभं राहून आधी आभाळ बघितल्याशिवाय कसा बाहेर पडायचा नाहीस, लहानपणी तिच्या वहीत ढगांची चित्रं काढून ठेवल्याबद्दल तिने मार कसा खाल्ला. त्या माणसाने डोळे पुसले. मग खिशातून कागद काढून म्हणाला, फक्त दाखल्याची झेरॉक्स द्या. आईने विचारलं, कसला दाखला? तो म्हणाला, मृत्यूचा.

आई खुर्चीवर बसली. तुझ्या खुर्चीवर. ती तिथे कुणालाच बसू देत नाही, स्वतःसुद्धा बसत नाही. तो खरंच काही वाईट कळवायला आलाय असं तिला वाटलं असावं, कारण ती एकदम पांढरी पडली. मी पटकन म्हटलं, अगं नाही, फोनवर गोंधळ झाला. मग ती जी उठली, ती म्हणाली, “माझा भाऊ ठणठणीत आहे. थांबा, दाखवते.” आणि तिने टीव्ही लावला. कोण बघतंय मेला तो टीव्ही म्हणणाऱ्या बाईला चॅनेलचा नंबर पाठ होता. संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी हवामान येतं ना, ते. गावांची यादी सरकत आली आणि सगळ्यात खाली तुझा डोंगर. कमाल, किमान, वारा. आई पडद्यावर बोट ठेवून त्या माणसाला म्हणाली, “हे कोण मोजतं? मेलेला माणूस मोजतो का?”

तो माणूस म्हणाला, नाही बाई. मग चहा प्यायला, आणि छत्री न काढता गेला.

त्या दिवशी मला कळलं की ती रोज बघते. मी क्लासला असते तेव्हा. आकडा आला की तू सकाळी उठलास, बाहेर जाऊन मोजलंस, म्हणजे बरा आहेस. एकदा म्हणे तुझ्या डोंगरापुढे नुसती रेघ आली होती, आकडाच नाही. त्या दिवशी भाजी करपली होती. मला वाटलं होतं गॅसमुळे.

मी ताईंना परत फोन लावला (परत बासरी) आणि सांगितलं की मामा जिवंत आहेत, नुसते डोंगरावर आहेत. त्या जरा रागावल्या. म्हणाल्या, मग तुम्ही रडत का होतात? मी म्हटलं, सर्दी. त्या म्हणाल्या, मी घरी जाऊन जेवले नाही हो त्या दिवशी. मला खरंच वाईट वाटलं. पण चांगल्या आहेत, त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. नोकरीमुळे ग्राहक अशा ठिकाणी गेला जिथे छत्री लावायला मनाई आहे, तरीही दंड लागत नाही. फक्त तसं ऑफिसचं पत्र हवं. तुझ्याकडे यंत्रांमुळे मनाई आहे असं तू म्हणाला होतास, तर पत्र मिळेलच. अडचण दुसरीच आहे. कॉम्प्युटरमध्ये तू ‘दिवंगत’ झाला आहेस आणि परत जिवंत करायचं बटण ताईंकडे नाही. ते वरच्या साहेबांकडे असतं. (आता कुणी ‘वर’ म्हटलं की मी आधी विचारते, कुठे वर.) त्यासाठी तुला स्वतःच्या आवाजात फोन करावा लागेल. नंबर पाकिटाच्या मागे लिहिला आहे. टाकीवर चढ आणि संध्याकाळच्या बातम्या संपल्या की लगेच लाव, तेव्हा लाइन मोकळी असते. आपल्याला तो दंड परवडणार नाही, हे तुला मी सांगायला नकोच.

बाकी, वाऱ्याची दिशा कोंबडा लावून बघता की काही मशीन असतं? आणि ढगाच्या आत उभं राहिलं की ओलं होतं का?

तुझी,
चौकशी खिडकी

ता. क. ऑफिसचं पत्र मागू नकोस. आईने ताईंना परस्पर सांगितलं की छत्री राहू द्या, हप्ते आम्ही भरतो. ताईंनी विचारलं, कधीपर्यंत? ती म्हणाली, तो येईपर्यंत. दिवंगतचं पण मिटलं. आईचा आवाज ऐकून साहेबांनी तुझ्या आवाजाशिवायच बटण दाबलं, तू जिवंत आहेस, अभिनंदन.

ता. ता. क. त्यामुळे पाकिटामागचा नंबर कंपनीचा नाही. आईने नंबर बदललाय आणि तुला तो द्यायचा नाही अशी मला सक्त ताकीद आहे. मी दिलेला नाही. पाकिटाने दिला.

अजून एक. ती “कोण?” म्हणाली तर नाव सांगू नकोस. आधी आजचं तापमान सांग.