लाल तोंडाची सवत

भिलाई, सेक्टर १
ता. ६ फेब्रुवारी १९६१

ति. शेवंताताईस,
गिरजाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सारे सुखरूप असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला? काल यांच्या डब्याच्या पिशवीत एक चिठ्ठी सापडली. अक्षरं नागरी, भाषा उर्दू. अर्धी कळली तेवढ्यानंच डोकं फिरलं. कुणी बाई लिहिते, माझ्या सवतीनं तुला गिळलं, त्या लाल तोंडवालीपासून तुझा पाय निघत नाही. म्हणजे लग्नाची मी, आणि सवतही मीच! सहा महिने हे दोन-दोन पाळ्या करून घरी फक्त झोपायला येतात, त्याचा अर्थ आता लागला. मी निघून येते. भाऊजींना न्यायला पाठव.

तुझ्याच मायेची,
गिरजा

पवनी, ता. १० फेब्रुवारी

चि. सौ. गिरजास अ. उ. आ.

यांना मी पाठवत नाही. तू लहानपणापासून आधी रडतेस आणि मग पडतेस. चंपतरावांना दुसरी पोळी मागायची लाज वाटते, ते दुसरं घर काय करणार? समोर बसवून विचार. खरं निघालं तर मी स्वतः येईन, मग त्यांची धडगत नाही.

जीव थाऱ्यावर ठेव.
शेवंता

भिलाई, ता. २४ फेब्रुवारी

ति. ताईस जयभीम. वि. वि.

विचारलं. हे इतके हसले की मला रडू आलं. मग शनिवारी मला मुशायऱ्याला घेऊन गेले. बायका पडद्याआड. यांच्या पाळीतले क्रेनवाले हशमतमियाँ उठले. मिशा एवढ्या, आणि डोक्यावर चक्क ओढणी! पुरुषानं बाईच्या तोंडचं बोलायचं, अशी उर्दूत जुनी रीत आहे म्हणे. चिठ्ठी त्यांचीच, यांना वाचता यावी म्हणून नागरीत उतरवलेली. आणि सवत कोण? प्लांटातली भट्टी! ताई, भट्टी माझी सवत आहे, हे भांडताना मीच यांना म्हटलं होतं. यांनी ते पाळीवर सांगितलं, मियाँनी शेरांत बसवलं, आणि शे-दोनशे पुरुष वाहवा करत होते. माझा जीव जळतो आणि यांची करमणूक होते, याचं फार वाईट वाटलं.

शेवटी तर शेरांतली ती बाई नवऱ्याचे पाय धरते. तिथं मला राहवलं नाही. पडद्याआडूनच ओरडले की म्या काही पाय धरले नाही, दाराले आतून कडी घालीन म्हटलं होतं! मियाँनी ओढणी उतरवली, अदबीनं पडद्यापाशी आणून दिली आणि म्हणाले की शेवट बहिणीनंच सांगावा. मी सांगितला, की ती सहा महिने बोलत राहिली, ऐकणारं कुणी नव्हतं, मग तिनं आतून कडी घातली.

सोमवारी एकच पाळी करून घरी आले. म्हणाले की सहा महिने तू बोलून राहिली होतीस, मले ऐकूच नाही आलं. आता रोज समोर बसून ऐकतात, आणि ताई, मला भांडायला एक शब्द सुचत नाही.

भाऊजींस जयभीम, पोरांना पापा.
तुझी
गिरजा