वाढलेली काच

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, धंदा आरसे बनवण्याचा, राहणार कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. दबाव आहे, पण तो लिहू नये असा आहे. उद्या सकाळी आठला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे आणि थोरली बहीण दारात उभी आहे. आमच्या मोठ्या भावाने मृत्युपत्र केले आणि आठवड्यात गेला, असे ती सांगते. तो त्याआधी दोन वर्षे अंथरुणाला खिळून होता, हे सांगत नाही. सकाळपासून तिने माझी दोन पेने लपवली. हे तिसरे आहे.

कलम १. कारखाना, वरच्या खोल्या आणि काच कापायची मुलाची हिरकणी माझ्या विधवा सुनेला. तिला येथून कोणीही हलवू नये.

कलम २. पुतण्याला भिंतीवरचा मोठा आरसा. माझा मुलगा गेल्यापासून सहा वर्षे त्यावर चादर आहे. चादर काढली तर आणखी कोणी जाईल, असे पुतण्यानेच सांगितले. सून पांढऱ्या पायाची, ती शिंकली म्हणून माझा मुलगा गेला, हेही त्यानेच गावभर केले. त्याने चादर काढून रोज त्यात तोंड पाहावे. कारखान्यावर डोळा ठेवून बसला असेल, तर उठावे.

कलम ३. आता खरे. आमच्याकडे काच ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढली’ म्हणतात. नियम माझ्या वडिलांचा, कडक मी केला. माझे तीन कारागीर तीन धर्मांचे. देवावरून रोज हुज्जत घालतात, पण हा शब्द गिळण्यात तिघांचे एकमत. कोणा गिऱ्हाइकाकडे आरसा फुटला की सात वर्षे वाईट जातात, कोणाकडे मयत झाली की आरसे झाकतात. मला सगळ्यांचेच पटत असे.

त्या दिवशी एका दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. गिऱ्हाइकाने आदल्या दिवशीच माप चार इंच वाढवून घेतले होते. मुलगा काच उचलायला वाकला आणि मला वरच्या कोपऱ्यात तडा दिसला. गिऱ्हाईक शेजारीच होते. मी म्हणालो, “अरे, काच वाढलीय.”

“माहितीये बाबा, चार इंच. बसेल चौकटीत,” तो म्हणाला आणि त्याने ती उचलली.

सून तेव्हा जिन्यात शिंकली, एवढे खरे. पण तो शिंकेने गेला नाही, माझ्या जिभेने गेला. सहा वर्षे तिला लोकांची बोलणी खाऊ दिली, कारण ती मला खावी लागत नव्हती. अजूनही ती खोलीत येण्याआधी विचारते, “बाबा, येऊ का?” मला लाज वाटते.

कलम ४. यापुढे काच फुटली, तर फुटली म्हणावे. ओरडून म्हणावे.

कलम ५. उद्या मी वाचलो तरी कलम तीन सून आणि पुतण्या, दोघांसमोर मोठ्याने वाचावे. मी वाचलो तर मीच वाचीन.

साक्षीदार दोन लागतात. तिन्ही कारागीर हात धुवायला म्हणून गेले, ते अजून आलेले नाहीत. बहीण म्हणते, “तेवढा तो शब्द खोड, मग करते सही.” मी खोडलेला नाही.

ठिकाण: कारखाना, काच कापायचे टेबल
तारीख: तेरा, दुपारी चार

लिहून देणार: आरसेवाला (सही)

साक्षीदार १: शेजारचा कुलूपवाला (सही)

साक्षीदार २: थोरली बहीण (सही). काच फुटली होती, हे वाचले. शब्द आहे तसा ठेवला.