हीट गन आणि बाबांचं अक्षर

४ मार्च
माती खाल्ली मी!

बाबांनी जायच्या आदल्या आठवड्यात धाकटीला चार ओळी लिहिल्या होत्या. ती त्यांची फ्रेम करणार होती. "ताई, कडेने तुझी ती उठावाची फुलं कर ना." केली. ठसा उमटवला, ओल्या शाईवर सोनेरी पूड भुरभुरली, जास्तीची झटकली, वरून हीट गनची कडक गरम हवा सोडली. पूड वितळून फुलांची किनार टच्च उठली. मी आपली किनारीवरच खूश! मधे बघते तर कागद कोरा.

बाबा शब्दकोडी सोडवायचे त्या खोडता येणाऱ्या पेनानेच लिहिलेलं होतं ते. त्याची शाई उष्णतेने उडते — मला माहीत होतं! वर्षानुवर्षं लोकांना सांगत आलेय, आधी पेन बघा.

५ मार्च
धाकटीचा फोन. "झालं का गं?" म्हटलं, रंग वाळतोय. धडधडीत खोटं.

७ मार्च
बाबांच्या जुन्या वह्या समोर ठेवून त्यांचं अक्षर गिरवत बसले. ओळी तोंडपाठ होत्या. जाड कागदही तसलाच, मीच त्यांना दिलेला. त्यांचा 'ळ' काही केल्या जमेना. एकदाचा जमला — आणि मला चक्क आनंद झाला! कुठल्या तोंडाने?

या वेळी फुलं आधी केली. पाकळ्यांत गुलाबी भरला. किनार उठलेली असली की रंग बाहेर जात नाही. सगळं गार झाल्यावर मग लिहिलं. शहाणपण सुचलं, पण कधी!

८ मार्च
दिलं. धाकटीने कागद उलटसुलट करून पाहिला. मागच्या कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "फुलं सुंदर झालीत, ताई." आणि मला जवळ घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ मार्च
सगळं सांगायचं ठरवून तिच्या घरी गेले. फ्रेम भिंतीवर लागलीये. भाचीने विचारलं, "मावशी, हे आजोबांनी लिहिलंय ना?" धाकटीच म्हणाली, "आजोबांचेच शब्द आहेत ते." चहा पिऊन परत आले.

१२ मार्च
नाही सांगवत.

१४ मार्च
पूड आणायला स्टेशनरीवाल्याकडे गेले होते. दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतेय असं दाखवून त्या पेनाचं विचारलं. "अहो बाई, उष्णतेने गेलेली शाई कडक थंडीत परत येते. फ्रीजरमध्ये ठेवून बघायला सांगा त्यांना."

धावत घरी आले. कोरा झालेला कागद माझ्या खणातच होता. पिशवीत गुंडाळून बर्फाच्या ट्रेवर ठेवलाय. दर तासाला उघडून बघू नये म्हणतात. मी बघतेय.

१५ मार्च
आलं! फिकट, पण बाबांचंच. चारही ओळी. आणि पाठीमागे आणखी एक — पाठ मी कधी पाहिलीच नव्हती:

"ताईच्या हातून काही बिघडलं तर तिला बोलू नकोस. ती स्वतःलाच फार बोलते."

धाकटीने हे वाचलेलं होतं.