डबीची मधली सुट्टी

नाशिक रोड

प्रिय शेवंता,
सप्रेम जयभीम.

माझ्या वर्गातली पोरं एका सुरात कविता म्हणायची, तो आवाज आज जाग येताच कानात घुमला. मन प्रसन्न आहे, तब्येतही तशीच.

डॉक्टरांनी छातीवर एक डबी लावली आहे. तिच्यात सिमकार्ड आणि नखाएवढी चिप. आपला धम्मपाल सांगतो, "बाबा, अगदी थोड्या विजेवर ही ठोकेही मोजते आणि दवाखान्याला कळवतेसुद्धा." एवढ्याशा जिवाला दोन-दोन कामं! दया येऊन सकाळीच काढून उशीवर ठेवली, म्हटलं, घे मधली सुट्टी. जिने चढताना तिने उगाच काही कळवू नये, हेही मनात होतं.

तू गुडघ्यांना तेल लावतेस ना?

दार वाजलं म्हणून लिहिता लिहिता उठलो, तर दारात तूच! "गुरुजी, दवाखान्याचा फोन आला, ठोके यायचे बंद झाले म्हणून. तुमचा फोनही बंद! येवल्यापासून एस.टी.त उभी राहून आले." आणि तू माझ्या छातीला कान लावून रडलीस.

डबी परत लावली आहे. शेवंता, मला दम लागतो, दोन जिन्यांतच. समोर बसूनही बोलवत नाही, म्हणून इथे लिहून कागद तुझ्या हातात देतो.

तुझा,
झुंबर