तुझ्या नावाला ओ

प्रिय ताई,

मी फोनवर नीट बोलत नाही अशी तुझी तक्रार दाजींनी माझ्यापर्यंत पोचवली. खरंच आहे ते. पण दाजी फोन हातात आला की आधी त्याचा आवाज मोठा करतात, अख्ख्या आळीला ऐकू जावं अशा बेतानं, आणि मग मला खोकल्याच्या औषधापलीकडे काही बोलायला सुचत नाही. म्हणून हे पत्र. आमच्या इस्त्रीखात्यातली एक बाई सुट्टीवर तिकडे, मायदेशी निघाली आहे. ती परवानावाली, तिला जायची-यायची धास्ती नाही. तिच्याच हाती देते आहे. तू स्वतः वाच. चष्मा सापडत नसेल तर सापडेपर्यंत थांब, पण दाजींना मोठ्यानं वाचायला लावू नकोस. त्यांना काय सांगायचं ते शेवटी लिहिते.

तू दर वेळी एकच विचारतेस, कधी येतेस? आणि मी दर वेळी सांगते, कायदा झाला की येते. मागे तू झोपलेली असताना दाजींनी हळू आवाजात (त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं) डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आता जी औषधं आहेत ती फक्त दुखू नये म्हणून. तुला हे कुणी सांगितलं नसेल, पण तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. तू लहानपणीसुद्धा लपवलेला खाऊ वासावरून हुडकायचीस. तेव्हा तुझ्याशी लपाछपी खेळण्यात अर्थ नाही. कायदा झाला, ताई. गेल्या आठवड्यात मंजूर झाला. आणि मला येता येणार नाही.

इथं काय गंमत चालली होती ते तुला सांगायलाच हवं. पावसाळी छपरासारखा खडखडणारा आपला तो इस्त्रीचा रोलर तुला आठवत असेल. अजून तोच आहे. त्याच्या वर, वाफ लागू नये म्हणून उंच फळीवर, आता रेडिओ ठेवला आहे. सगळा हिवाळा त्याच्यावर आमचीच चर्चा. विनापरवाना राहणाऱ्यांना राहू द्यावं की हाकलावं. आम्ही दोघी-दोघी चादरीची टोकं धरून रोलरमध्ये सोडायचो, कान वर. मुकादमबाईंसमोर तोंडावरची माशी हलू द्यायची नाही, कारण आमच्यात कोण कशी आहे हे कुणीच कुणाला सांगितलेलं नाही. सभागृहात एक गृहस्थ होते, कडक आवाजाचे, त्यांचं नाव आम्ही 'खळ' ठेवलं. ते म्हणायचे, हे लोक चोर आहेत, दार उघडलं की आणखी येतील. दुसरे आमच्या बाजूचे. ते म्हणायचे, हे गेले तर आपल्या चादरी कोण धुणार, आपल्या म्हाताऱ्यांना कोण उचलणार? खळसाहेबांचा राग यायचा, पण खरं सांगू, या चादरवाल्यांचा जास्त यायचा. म्हणजे चादरी आहेत तोवर राहू द्या. उद्या कुणी आपोआप धुतली जाणारी चादर काढली, म्हणजे मग आमचं काय? पण तरी आम्ही त्यांच्याच बाजूनं जीव मुठीत धरून ऐकत होतो. दुसरं कोण होतं?

मी किती बेत केले होते! परवाना हातात पडला की पहिलं तिकीट तुझ्याकडचं. माझ्या पिल्लूला बरोबर आणायचं. तुझ्या खोलीतला तो खिडकीकडचा पलंग ओढून भिंतीशी घ्यायचा, कारण तुला वारा लागतो आणि दाजींना कळत नाही. तुझे केस धुऊन द्यायचे. मी बाजारातून तुझ्यासाठी मऊ, पुढून उघडणारा गाऊन आणून ठेवला होता. तो पत्राबरोबर त्याच बाईच्या हाती पाठवते आहे. बटणं मी काढून नाड्या लावल्या आहेत, बोटांना त्रास नको.

आपण दोघी चादर घडी करायचो ते आठवतं? दोरीवरून उतरवायची, तू एका टोकाला, मी दुसऱ्या. तू मुद्दाम असा हिसका द्यायचीस की मी थेट तुझ्या अंगावर येऊन आपटायची, आणि आई आतून ओरडायची, चादरी वाळवताय की कुस्ती खेळताय! मी इथं दिवसभर तेच करते आणि त्याचा पगार घेते. समोरची बाई कधी हिसका देत नाही.

तू आणि दाजी इथं रीतसर आलात, परवाना घेऊन. मी मागाहून आले ती चार दिवस राहायला, आणि राहिलेच. मग आई पडली आणि तुम्ही दोघं तिकडे धावलात. महिनाभराचा प्रश्न होता. तुझी नोकरी जाऊ नये म्हणून तुझं कार्ड मी गळ्यात अडकवलं आणि तुझ्या जागी जाऊन उभी राहिले. किती हसलो होतो आपण त्या युक्तीवर! तेव्हाच्या मुकादमबाईंनी कार्डाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, बारीक झालीस गं. संपली परीक्षा. मग आईचं लांबत गेलं, ती गेली, मग दाजींचं गुडघ्याचं निघालं, आणि तू परत आलीच नाहीस. तेव्हा देशाबाहेर जाणाऱ्यांची इथं कुणी नोंद ठेवत नसे, येणाऱ्यांचीच ठेवत. त्यामुळे सरकारदरबारी तू अजून इथंच आहेस. एकही खाडा नाही तुझा. मागे तर उत्तम कामगार म्हणून तुला एक कप मिळाला, तुझं नाव छापलेला. त्याच्यातच मी चहा पिते.

पिल्लूच्या वेळी दवाखान्यात आईचं नाव विचारलं तेव्हा मी कळा देत होते, तरी तोंडातून तुझंच नाव आलं. सवयच झाली होती. तू फोनवर म्हणाली होतीस, बघ, माझ्या कुशीत नाही आली ती कागदावर तरी आली, ना कळा ना डोहाळे. पोरीचा बाप दुसऱ्या शहरात कामाला गेला तो तिथलाच झाला, त्याचं काय सांगू. पण पोर छान निघाली. उंच झाली आहे, उलट उत्तरं देते, तुझ्यासारखी जोराची शिंकते. तिचं राहणं, तिची शाळा, सगळं तिच्या आईच्या परवान्यावर आहे. म्हणजे तुझ्या. ती सज्ञान झाली की तिचा वेगळा परवाना निघतो. तोवर तुझी नोकरी चालू तर ती चालू.

आता कायद्याचं. जे इथं पुष्कळ वर्षं राहिले, घाम गाळला, त्यांना परवाना. इथवर चांगलं होतं. पण खळसाहेबांचा गट ऐकेना, तेव्हा चादरवाल्यांनी तडजोड केली. सवलत फक्त प्रामाणिक माणसांना. ज्यांनी दुसऱ्याच्या नावावर, दुसऱ्याच्या परवान्यावर काम केलं त्यांना नाही. वर त्यांच्यावर खटला, आणि नाव देणाऱ्याचा परवानाही रद्द. रेडिओवर हे सांगितलं तेव्हा मी चादरीचं टोक सोडलं आणि अख्खी चादर रोलरमध्ये गोळा होऊन जळाली. मुकादमबाई म्हणाल्या, लक्ष कुठंय?

तरी मी सल्लाकेंद्रातल्या वकीलबाईंकडे गेले. फुकट सल्ला देतात, बाई चांगली आहे, पाणी विचारलं. त्यांनी माझं नाव विचारलं आणि मी क्षणभर अडकले गं. माझं स्वतःचं नाव माझ्याच तोंडात परक्यासारखं आलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, तुमचा कापलेला कर, तुमची हजेरी, तुमची मुलगी, सगळं तुमच्या बहिणीच्या नावावर आहे. तुमच्या नावावर या देशात काहीच नाही. मी म्हटलं, मग मी इतकी वर्षं होते कुठे? त्या पेनाचं टोपण काढत-घालत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, आहे तसं चालू द्या, कुणाला सांगू नका, मीही ऐकलेलं नाही.

आमच्या शेजारच्या खोलीतली, ती खानावळीच्या तळघरात भांडी घासते, रोख पैसे, नाव ना गाव, तिला परवाना मिळणार. मालकानं साक्ष दिली. ती प्रामाणिक ठरली, कारण तिनं कुठं नावच लिहिलं नव्हतं. मी तिला मिठी मारली, गोड काहीतरी नेऊन दिलं, आणि घरी येऊन दार लावून घेतलं. पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. तिचंही तिकडे कुणीतरी आजारी आहे. ती पुढच्या महिन्यात जाऊन येणार.

तू म्हणशील, तुझ्याच कार्डावर ये की. ताई, सीमेवर आता बोटांचे ठसे घेतात. नाव उसनं चालतं, बोटं चालत नाहीत. निघाले तर परतीची वाट बंद, आणि पिल्लू इकडे एकटी. तिला कायमची घेऊन यायचं म्हटलं तर ती मला विचारते, तिकडे मी कोण? मी रोज मनातल्या मनात एकदा तुझ्याकडे येते आणि एकदा तिच्यासाठी परत फिरते. दर वेळी परत फिरते, हे तुला कळावं असं वाटलं. तुझा जीव माझ्यात किती आहे ते मला माहीत आहे, म्हणूनच हे लिहायला धजावते आहे.

आता दाजींचं. दाजींना कळवण्याचा सोस किती ते तू जाणतेस. गल्लीतला दिवा गेला की कचेरीत कळवतात, आणि आला की आला म्हणूनही कळवतात. आईच्या वेळी त्यांनी बँकेपासून वाचनालयापर्यंत सगळीकडे जाऊन तिचं नाव कमी करून आणलं होतं. सगळं रीतसर. तुझ्या वेळीही ते तसंच करतील, आणि त्यांच्याकडे इथल्या परवाना कचेरीचा पत्ता आहे, मला माहीत आहे, त्यांनी जपून ठेवलाय. ताई, त्यांना सांग, इकडे कळवू नका. तिकडे जे करायचं ते करा, पण इकडे नाही. पिल्लू सज्ञान होईपर्यंत तू इथं जिवंत राहायला हवीस. सख्ख्या बहिणीकडे हे मागायला मी हे पत्र लिहायला बसले, बाकी सगळं त्यासाठी धाडस गोळा करणं होतं. तू जाशील त्या दिवशी मला रजा मागता येणार नाही. कोण गेलं म्हणून विचारतील, तर काय सांगू? सकाळी मुकादमबाई हजेरी घेताना तुझं नाव पुकारतील आणि मी ओ देईन. मला माझ्या नावानं हाक मारणारी आता तू एकटीच उरली आहेस. तेव्हा दाजी कबूल झाले, तर फोन कर आणि दुसरं काही बोलू नकोस, नुसती मला माझ्या नावानं हाक मार. मी समजेन. दाजींनी आवाज मोठा केला तरी चालेल.

तुझीच,
धाकटी