लाकूड फुगलं नव्हतं

प्रिय मुंगे,

पाकीट बघून तू आधी ते उलटंपालटं करशील, कारण दादा आणि पत्र ही जोडी तुझ्या पचनी पडायची नाही. गेल्या आठ दिवसांत तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा इकडचंतिकडचं बोलून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तूच विचारलंस, दादा, तुला नक्की झालंय तरी काय? झालंय ते चार वर्षांपूर्वीच. पोहण्याच्या तलावावर तुझा कॅमेरा पडला, त्याबद्दल मला तुला काही सांगायचंय आणि तोंडाने सांगायची हिंमत होत नाही.

आधी स्टुडिओची खबरबात सांगतो, म्हणजे मला जरा धीर येईल. मागचा पांढरा पडदा एकदाचा बदलला. पासपोर्टच्या फोटोला येणारी माणसं अजूनही हसू की नको विचारतात. बाबांचा कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर आहे. काल पुसायला काढला तर हात भरून आला. खाली बॅटरीची जाडजूड ग्रिप लावलेला तो धोंडा गळ्यात घालून बाबा दिवसभर उभे राहायचे आणि वर आपल्यालाच सुनवायचे, की कॅमेरा कसा मुठीत भरला पाहिजे. त्यांच्या आणि माझ्या फावड्यासारख्या पंजांत तो भरायचाही. तुझं बोट मात्र बटणापर्यंत पोचता पोचता रडकुंडीला यायचं.

म्हणून तू तो छोटा कॅमेरा घेतलास, तेव्हा मी तुला किती छळलं! त्याला साबणाची वडी म्हणायचो, आठवतंय? हात छोटा तर कॅमेरा छोटा, झालं काम, असं मला वाटलं होतं. पण त्या एवढ्याशा बॉडीला पुढे लांबलचक लेन्स लावली की सगळं वजन पुढे झुकायचं. करंगळीला धरायला खाली जागाच नसायची, ती बिचारी हवेत लोंबकळायची. बाकीच्या बोटांनी चिमटीत धरून धरून संध्याकाळपर्यंत तुझं मनगट सुजायचं. बाजारातल्या दोन ग्रिप आणून बघितल्यास. एक हातात बसेना आणि दुसरीने बटण आणखी लांब गेलं. मग तू मुलं खेळतात ती रंगीत मऊ माती आणलीस, कॅमेऱ्याला चिकटवलीस आणि मुठीत धरून बसून राहिलीस. मातीत उमटलेल्या बोटांच्या खाचा बघून लाकडात तशाच्या तशा कोरल्यास. ती लाकडी ग्रिप घासलीस, हातात धरलीस, परत घासलीस. आई म्हणायची, ही काय त्या लाकडाला आंघोळ घालतेय का! शेवटी मनासारखी झाली तेव्हा तू कॅमेरा धरून डोळे मिटून उभी राहिलीस, आणि करंगळी बरोब्बर तिच्या खाचेत होती. मी दारातून बघत होतो. मला तुझा अभिमान वाटला आणि पोटात दुखलंही. बाबांनी हाताला धरून शिकवलं ते मला, तुला कुणी शिकवलं नाही, आणि असं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

ती ग्रिप कॅमेऱ्याच्या बुडाला एका स्क्रूने बसायची, ट्रायपॉडचा स्क्रू जातो त्याच भोकात. म्हणजे कॅमेरा ट्रायपॉडवर चढवायचा तर आधी ग्रिप काढावी लागायची. मनगटाचा पट्टाही तू ग्रिपच्याच कडीत ओवला होतास. परत बसवताना स्क्रू बोटांनी फिरवून झाला की शेवटी नाण्याने आवळायचा, हे तू मला दहा वेळा बजावलं होतंस.

तलावावरच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी तू बाहेर गेली होतीस. माझा कॅमेरा दुरुस्तीला होता आणि घड्याळवाले त्यांची नवी घड्याळं घेऊन फोटोसाठी आले. मी तुला न विचारता तुझा कॅमेरा घेतला. ग्रिप काढली, ट्रायपॉडवर काम उरकलं, ग्रिप परत लावली. स्क्रू बोटांनी फिरवला. खिसा चाचपला, नाणं नव्हतं. तेवढ्यात पासपोर्टवालं एक कुटुंब दारात उभं राहिलं आणि मी म्हटलं, बघू नंतर. मग ते डोक्यातूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी उडी मारणाऱ्या मुलीला टिपायला तू कॅमेरा उभा वळवलास. ग्रिप तुझ्या मुठीत राहिली, पट्टा मनगटात राहिला आणि कॅमेरा फरशीवर गेला. तू घरी आलीस तेव्हासुद्धा ते लाकूड मुठीतच होतं. तुझं तूच ठरवून टाकलंस, की पाण्याजवळच्या ओलीने लाकूड फुगलं असणार, स्क्रूने जागा सोडली असणार, तुझंच काम कच्चं. मी नुसता गप्प बसलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण मी म्हणालो, अगं, घरी केलेल्या वस्तूवर एवढा भरवसा ठेवायचा नसतो. मुंगे, हे मी बोललो. सगळं माहीत असून बोललो.

तू तोंड धुवायला आत गेलीस, तेव्हा मी ती ग्रिप उचलून बघितली. भोक जसंच्या तसं होतं, आतली पितळी कडी घट्ट, स्क्रूचे आटे कोरे करकरीत. लाकूड केसाएवढंही फुगलं नव्हतं. मी ती माझ्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. पुढे तू लाकूड कोरायची पटाशी उचलली नाहीस, स्टुडिओही सोडलास, वाचनालयात नोकरी धरलीस. लोक विचारायचे तेव्हा मी सांगायचो, तिला शांत काम आवडतं. तू मात्र जाताना तुझी फोटोंची दोन गिऱ्हाइकं मला जोडून दिलीस, आणि मी ती मान खाली घालून घेतली.

आई तुझ्याकडे आल्यापासून रोज फोनवर बारीकसारीक सांगते. गेल्या आठवड्यात तिने सहज सांगितलं, की इस्पितळातल्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरीणबाई तुझ्याकडे दोनदा येऊन गेल्या. बोटांत जोर नसलेल्या त्यांच्या पेशंटांसाठी चमच्यांच्या, पेनांच्या मुठी प्रत्येकाच्या हाताबरहुकूम करून हव्यात, आणि एकाला परत कॅमेरा धरायचाय. तू नाही म्हणालीस. का, तर माझ्या हातचं ऐनवेळी सुटतं, त्या माणसांच्या हातून काही पडलं तर? आई पुढे भाजीचं बोलत राहिली, मला काही ऐकू येईना. तुझ्या हातचं काही सुटलं नाही, मुंगे. मी आवळलं नाही म्हणून सुटलं. ग्रिप सोबत पाठवतोय, माझ्या शब्दावर जाऊ नकोस, भोकात स्क्रू घालून स्वतः बघ. आईलाही मी आजच सांगणार आहे, तुला सांगावं लागू नये म्हणून. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो. डॉक्टरीणबाई सोमवारपर्यंत वाट बघून मग दुसरं कुणी शोधणार आहेत म्हणे. आधी त्यांना फोन करून हो म्हण. माझ्याशी बोलणं मग खुशाल बंद कर.

तुझाच,
दादा